सायखेड्याच्या पंच आशाबाई

सायखेड्याच्या अंगणवाडीत मदतनीस असलेल्या आशाबाई शाळेत असताना कबड्डीत डावा कोपरा सांभाळायच्या. त्यांनी घोटा धरला की चढाई करणारी सुटत नसे. एकोणिसाव्या वर्षी गुडघा निखळला, विसाव्या वर्षी लग्न झालं आणि त्यांचा खेळ संपला असं सगळ्यांनी गृहीत धरलं. त्यांनी नाही. छत्तिसाव्या वर्षी, दोन्ही मुलं शाळेत रुळल्यावर, त्यांनी नाशिकला जाऊन पंच परीक्षा दिली. नापास झाल्या. वर्षभर पोरांच्या खिचडीवर लक्ष ठेवत नियम पाठ केले आणि दुसऱ्या खेपेला पास झाल्या.

पण सामने मिळायचे ते शाळकरी मुलींचे. पुरुषांचा सामना त्यांच्याकडे द्यायला कोणी तयार नव्हतं.

यात्रेतल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याला ठरलेला पंच तापाने पडला, तेव्हा समितीचे नाथाभाऊ नाइलाजाने त्यांच्या दारी आले. "पंचाचं कार्ड गावात तुमच्याकडंच हाय. तेवढं निभवून न्या."

सासूबाई म्हणाल्या, "आशे, पँट घालून गावासमोर उभी राहनार? आन मनोज खेळतोय त्या सामन्यात!"

मनोज म्हणजे आशाबाईंचा धाकटा दीर, गावाच्या संघाचा कप्तान. आशाबाईंनी नाथाभाऊंना सगळ्यांदेखत सांगितलं, "माझा दीर खेळतोय. समोरच्या संघाला आधी विचारा. त्यांची हरकत नसेल तर येते."

लासलगावच्या संघाने हरकत घेतली नाही. पांढरा टी-शर्ट आणि काळी पँट घालून आशाबाई मैदानात उतरल्या. पहिल्या पाच मिनिटांत थोडी खिदळाखिदळ झाली, मग खेळ रंगला आणि लोक त्यांना विसरले.

शेवटच्या चढाईच्या वेळी लासलगाव एका गुणाने पुढे होतं. मनोज गेला. उजवीकडच्या दोघांना शिवून त्याने मध्यरेषेवर झेप घेतली आणि मैदान उसळलं. गुलाल उडाला. पोरांनी मनोजला खांद्यावर घेतलं.

आशाबाईंची शिट्टी केव्हाची वाजत होती, गलक्यात ती कोणाला ऐकू गेली नव्हती. हात वर करून त्यांनी मनोज बाद असल्याची खूण केली. कुणालाही शिवायच्या आधीच त्याचा पाय बाजूच्या पट्ट्यात, लॉबीत, पडला होता; शिवण्याआधी तिथे पाय गेला की चढाई करणारा बाद.

मग माणसं दोरी ओलांडून आत आली. "घरचंच मानूस असून घात केला!" कोणीतरी ओरडलं. नाथाभाऊ जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, गावात राहायचं हाय आपल्याला. नीट दिसलं नाय म्हना."

"दिसलं, भाऊ. तीन पावलांवर होते मी."

त्या जागच्या हलल्या नाहीत. गर्दी थकून मागे सरेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग गुणपत्रकावर सही केली आणि चालत घरी गेल्या. गुडघा ठणकत होता, पण ते त्यांनी कोणाला कळू दिलं नाही.

पुढचे दोन महिने मनोज त्यांच्याशी बोलला नाही. ताट वाढलं की मुकाट जेवून उठायचा. नवरा भारत म्हणाला, "माफी मागून टाक. घर शांत होईल."

"कशाची मागू?" आशाबाईंनी विचारलं.

एका सकाळी त्या अंगणवाडीकडे निघाल्या असताना मनोजने फाटकापाशी त्यांना अडवलं. "वहिनी, पाय पडला व्हता. मला तवाच कळलं व्हतं."

"तुम्हाला कळलंय हे मला माहीत होतं, भावजी."

"मंग मैदानात लोकांना तसं का नाय सांगितलं?"

"माझं काम मी केलं. पुढचं तुमच्याकडं होतं."

मनोजने त्यांच्यासाठी फाटक उघडून धरलं. मग म्हणाला, "आमच्या सरावाला येता का संध्याकाळी? पोरांना लॉबीचा नियम धड कोनालाच ठाव नाय. मलाबी नाय."

त्या गेल्या. पहिल्या दिवशी चौघं आली, आठवड्याने अकरा जण झाले. त्यांत दोघं त्यांच्या अंगावर धावून आलेल्यांपैकी होते.

पुढच्या यात्रेला बाहेरगावच्या संघांनी नाव नोंदवतानाच नाथाभाऊंना एक अट घातली: अंतिम सामन्याला पंच आशाबाईच हव्यात.