एक घर, चार चाव्या

रबाळ्याच्या ऑफिसातले किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. एकाच खुर्चीवर आठ वर्षं काढली की ते आपोआप साठतात, स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं साठतात तसे. एकही झाकण कुठल्या डब्याला बसत नाही, आणि टाकवतही नाही. परवा जुईनगरला मैत्रिणींनी विचारलं, "तुझ्या त्या साहेबाचं काय झालं गं?" मग निघालेच सगळे.

*

आम्ही चौघं. साहेब, ड्रॉइंगवाला किशोर, डेटा सांभाळणाऱ्या दमयंतीताई आणि सर्व्हर सांभाळणारी मी. काम मशीनच्या पार्टांची ड्रॉइंग्ज करून द्यायचं. सर्व्हरवर प्रत्येकाला आपापली होम डिरेक्टरी असते, म्हणजे स्वतःचं घर, स्वतःच्या फाइली. आमच्याकडे अकाउंट चार आणि घर एकच.

मी आल्या आल्या विचारलं, असं का? साहेब म्हणाले, "आपण एक फॅमिली आहोत. फॅमिलीत कोणी वेगळं राहतं का?" स्वतः साहेब आईवडिलांपासून वेगळे, वाशीला राहायचे.

*

पासवर्डसुद्धा चौघांचा एकच होता आणि तो पाण्याच्या कूलरवर चिकटवलेला होता. एका क्लायंटचा माणूस पाणी प्यायला गेला आणि वाचत उभाच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांचं पत्र आलं की पासवर्ड बंद करा, किल्लीने लॉगिन सुरू करा.

किल्लीचं प्रकरण सोपं आहे. किल्ली तुमच्या कॉम्प्युटरवर, तिचं कुलूप सर्व्हरवर. दोन्ही जुळलं की आत. ही कुलपं ज्याच्या त्याच्या घरात एका फाइलमध्ये ठेवतात. आमचं घर एक, म्हणून फाइल एक, आणि तिच्यात चौघांची कुलपं.

किशोरने स्वतःचं कुलूप जोडायच्या ऐवजी आख्खी फाइलच बदलली. सोमवारी सकाळी आम्ही तिघं बाहेर आणि हा एकटा आत, चहा पीत. मला म्हणतो, "माझं तर मस्त चालतंय."

*

मी फाइल नीट केली आणि चौघांनाही तिच्यात लिहिता येईल असं घर मोकळं केलं, तर सर्व्हर कोणालाच आत घेईना. त्याचं म्हणणं बरोबर होतं. ज्या घरात चौघंही काहीही खोडू शकतात, तिथल्या कुलपांवर भरवसा कसा ठेवायचा? साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग त्याला तपासू नको म्हणून सांग."

सेटिंगमधली एक ओळ बदलली की सर्व्हर तपासणं सोडतो. ती ओळ मी बदलली. माझ्या हातांनी. यात साहेबांचा दोष निम्माच.

*

दमयंतीताई सारसोळ्याच्या. सात वर्षं कॉन्ट्रॅक्टवर. येत्या दिवाळीला परमनंट करतो, असं साहेब सात दिवाळ्या म्हणत होते. एक दिवस ताई माझ्या टेबलाशी आल्या, आवाज अगदी खाली.

"बाय, येक गोष्ट सांगू? चुकून सायबाचा नाव टाकला, न् माज्याच चावीनं दार उघारला. मी सायब होऊन आत गेले."

मी करून पाहिलं. खरंच होतं. फाइल एकच म्हटल्यावर कुठलीही किल्ली कुठल्याही नावाने चालत होती. मी साहेबांकडे गेले. म्हटलं, प्रत्येकाचं कुलूप घराबाहेर, वेगळ्या फाइलमध्ये ठेवू या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. साहेब हसले. "आपल्यात कोण चोर आहे का?" मी मेल लिहिला. त्याचं उत्तर अजून यायचंय.

*

साहेबांना टाइप करायचा कंटाळा. ताईंनीच त्यांच्या लॅपटॉपवर एक आयकॉन करून दिला, दाबला की सर्व्हर उघडतो. आयकॉन करताना ताईंनी सवयीने स्वतःचं नाव टाकलं. किल्ली साहेबांची, नाव दमयंतीचं. उघडत होतं, म्हणून कोणी बघितलं नाही. ताईसुद्धा विसरल्या.

मग एका गुरुवारी त्याच पत्रवाल्या क्लायंटचा फोल्डर सर्व्हरवरून उडाला. पूर्ण. आमच्या कंपनीचे मालक स्वतः येऊन बसले. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, दोन गोष्टी दिसतात, कोणत्या नावाने आत आलं आणि कोणत्या किल्लीने. मी दोन्ही बघून गेले होते.

"लॉगमध्ये कोण आहे?" मालकांनी विचारलं.

"सर, नाव दमयंती म्हात्रे. पण किल्ली..."

"फक्त नाव सांग," साहेब म्हणाले. "टेक्निकल नको."

ताई माझ्याकडे बघत होत्या. "मी नाय केला. माजी चावी माज्याजवल हाय. बाय, तू सांग ना."

मी लॉग बंद केला. मला नोकरी हवी होती. दुसरं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही. लाज वाटते, अजूनही वाटते.

*

ताईंना शनिवारी निरोप दिला. समोसे होते. साहेब म्हणाले, "ताई, हे घर तुमचंच आहे. कधीही या."

ताईंनी समोशाला हात लावला नाही. जाताना फक्त माझ्याजवळ थांबल्या. "माज्या घरच्या लॅपटॉपमधली चावी काय करू?"

"मला साहेबांनी तुमचं अकाउंट बंद करायला सांगितलंय," मी म्हटलं. "तेवढंच सांगितलंय."

ताईंनी मान हलवली आणि गेल्या. मी अकाउंट बंद केलं. तेवढंच केलं; फाइलमधलं त्यांचं कुलूप होतं तिथेच राहिलं.

*

पुढच्या सोमवारी मालकांसमोर रिव्ह्यू होता. साहेबांनी भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर आमचं घर उघडलं. सगळ्यात वर एक नवीन फाइल होती, 'आधी हे वाचा'. साहेबांनी उघडली. आत दोन ओळी.

"फोल्डर मी उडवला. दमयंतीने नाही."

खाली साहेबांचं नाव. फाइलही त्यांच्याच नावावर.

मालकांनी चष्मा काढला. "हे कोणी लिहिलं?"

साहेब माझ्याकडे वळले. "बघ, लॉग बघ. आत्ताच्या आत्ता."

मी लॉग उघडला. नाव वाचलं. किल्ली वाचली. दोनदा वाचली.

"साहेब, नाव तुमचंच आहे."

"आणि किल्ली? किल्ली कोणाची आहे ते सांग ना!"

आठ वर्षांत साहेबांनी किल्लीबद्दल पहिल्यांदा विचारलं होतं.

"टेक्निकल नको, साहेब," मी म्हटलं.