आखाजीच्या आधीचा अर्ज

चैत्राची अखेर, १९३८. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन दिवस होते आणि अंगणात आम्ही वाळवणाचे बिबडे थापत होतो. ज्वारीचं शिजवलेलं पीठ कढत असतानाच ओल्या कापडावर थापावं लागतं; गार झालं की संपलं. बोटं भाजायची, पाण्यात बुडवायची, पुन्हा थापायचं. चोपड्याजवळच्या आमच्या गावात त्या आठवड्यात घरोघरी हाच वास असे. तसा वास मला नंतर कुठे मिळाला नाही.

मी जळगावला मामांकडे राहून मॅट्रिकची परीक्षा देऊन आले होते. निकाल जूनमध्ये. शाळेतल्या बाईंनी निघताना पुण्याच्या कॉलेजचा अर्ज हातात दिला आणि बजावलं, "मुलींच्या वसतिगृहात खोल्या मोजक्या. निकालाची वाट पाहू नकोस, आधीच पाठव." अर्जावर वडिलांची सही हवी होती. तो अर्ज तीन आठवडे ट्रंकेत पडून होता, कारण आबांचं एकच म्हणणं, "निकाल लागू दे, मंग दखसूत. खळामा माल येवाना पहिले कोणी भाव ठरावस का?"

इकडे अक्का, माझी थोरली बहीण, आखाजीला माहेरी आली ती साक्रीकडचं एक स्थळ घेऊनच. सणानंतर चौथ्या दिवशी पाहुणे मला बघायला येणार होते. मी निकालापर्यंत थांबले असते, तर लग्नच ठरून गेलं असतं.

"कॉलेजात बिबडे शिकवतात का गं?" अक्काने विचारलं. "तुझा बघ, कसा नकाशा झालाय."

"तुझ्या सासरी चालला ना असलाच? मग पुण्यातही चालेल."

ती हसली, पण स्थळाचं बोलणं काही सोडलं नाही.

त्याच दुपारी आबांनी ओट्यावर सालदाराला बसवलं. आमच्याकडे शेतावरच्या गड्याचं वर्ष आखाजीला संपतं आणि आखाजीलाच सुरू होतं. पुढचं साल करायचं की नाही, हे तेव्हाच ठरतं. दोघांनी पान खाल्लं, चार शब्द झाले, साल ठरलं. तो उठून बैलांना पाणी दाखवायला गेला.

आईचे हात पिठात होते. आबांशी ती थेट कधी बोलत नसे, मुलांना मध्ये घालून बोले. माझ्याकडे बघून, पण ओट्यावर ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "तुना आबाले ईचार, सालदार ठेवतस तवय पुढला वरीसनं पीक दखीसन ठेवतस का?"

पुढचं पीक आधी बघून कोणी सालदार ठेवत नाही, हे आबांनाही ठाऊक होतं. विचारायची गरज नव्हती. अक्काचा हातसुद्धा कापडावर थांबला. आबांनी पानाची पिंक टाकली आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. पीठ गार व्हायला लागलं होतं, म्हणून मी थापत राहिले.

"दौत आन," ते म्हणाले.

इंग्रजी छापील अर्जावर त्यांनी मोडीत सही केली, आणि सवयीने पुढे 'दस्तुर खुद्द' लिहिलं. हे पुण्यात चालेल का, अशी मला धास्ती वाटली. पण दुसरा अर्ज नव्हता. शाई वाळेपर्यंत त्यांनी कागद हातात धरून ठेवला. मग अक्काला म्हणाले, "पाव्हणासले सांगी दे, हिनं साल ठरी गयं."

अक्का फुरंगटली. संध्याकाळी मात्र पाकीट चिकटवायला तिनेच थोडी खळ करून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओलसर राहिलेले बिबडे खाटेवर उलटवले, कावळे हाकलायला अक्काला बसवलं, सालदाराच्या गाडीतून चोपड्याला गेले आणि पाकीट टपालात टाकलं. परत आले तेव्हा ऊन चढलं होतं आणि नव्या पिठासाठी चूल पेटली होती. मी हात धुतले आणि थापायला बसले.