उचलताना एकच तोंड

शेजारून आमटीचा वास आला की वारज्यातलं ते लग्न आठवतं. आमची ही स्वयंपाकाची कामं घ्यायची. आमटीचं उकळतं पातेलं चौघी बायका उचलत होत्या. नवऱ्या मुलाचा मामा मधेच ओरडला, "चला, पुढं घ्या." पुढच्या दोघी निघाल्या, मागच्यांना कळलंच नाही. पातेलं कललं, आमटी काठाशी आली.

"थांबा," ही म्हणाली. चौघी जागच्या जागी थांबल्या.

"मामा, उचलताना इथं एकच तोंड बोलतं. तुमचं जेवताना उघडा."

मला तेव्हा ती उर्मट वाटली. खराडीला नोकरी करणारा आमचा मुलगा यालाच मॅनेजमेंटचं तत्त्व म्हणतो.

गेल्या महिन्यात हिची तिरडी उचलताना सगळेच ओरडत होते. मी म्हणालो, "एकानंच बोला." सगळे गप्प होऊन माझ्याकडे बघायला लागले. मला "उचला" म्हणता येईना.