भिवाजींची पाहणी

भिवाजी फिटर रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, पण नजर अजून ड्युटीवरच आहे. रसायनीच्या एका केमिकल कंपनीत छत्तीस वर्षं त्यांनी पंप खोलले, पाइप जोडले, गळती थांबवली. आता मोहोपाड्यात कुणाकडे चहाला बसले तरी आधी त्यांचं लक्ष मोरीतल्या नळाकडे जातं. नळ ठिबकत असेल तर त्यांना चहा गोड लागत नाही. पिशवीत पाना असतोच.

अशा माणसाला त्यांच्या लेकीनं, समिधानं, कडावच्या पुढं असलेल्या 'सांजवन'मध्ये दोन दिवस पाहुणा म्हणून पाठवलं. सांजवन ही निवृत्त माणसांची वसाहत. समिधा नोकरीला नागपूरला, इकडे आईचे गुडघे बोलायला लागलेले आणि बाबा मागच्या पावसाळ्यात अंगणात घसरून पडलेले. "राहून बघा, दोघंही," ती म्हणाली. "तळमजल्यावर एकच खोली उरलीय. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

"माझं काय, मी कुठंबी राहीन," भिवाजी गल्लीभर सांगत सुटले. "पण मोती चूल सोडायची नाय."

हे त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. बायकोला, मोतीबाईंना, विचारायचं तेवढं राहून गेलं. पूर्वी दहा माणसं मुलगी बघायला जात, पोरीच्या काकापर्यंत सगळ्यांची मतं घेत आणि पोरीला विचारायला विसरत. हा त्यातलाच प्रकार.

तसे भिवाजी वाईट नवरे नव्हेत. दारूच्या वाटेला गेले नाहीत, पगार सरळ घरात दिला, बायकोवर हात उचलला नाही. एकच हट्ट, भाकरी तव्यावरची गरम हवी. पहिली पाळी असली की मोतीबाई पहाटे चारला उठून डबा करायच्या. दुसऱ्या पाळीहून नवरा मध्यरात्री आला की पुन्हा तवा ठेवायच्या. तिसरी पाळी करून तो सकाळी आला की पुन्हा. कंपनीत तीन पाळ्यांना तीन माणसं होती. घरात तिन्ही पाळ्यांना मोतीबाईच. आणि सगळ्यांचं उरकल्यावर टोपलीच्या तळाशी जे राहील ते त्या खायच्या. यात काही चुकतंय असं भिवाजींना कधी वाटलं नाही. त्यांची आईही तशीच जेवायची.

सांजवनात पोचल्या पोचल्या भिवाजींनी पाहणी सुरू केली. व्यवस्थापक हर्षला म्हणून एक तिशीची मुलगी होती. ती बिचारी बाग, वाचनालय, भजनाची खोली दाखवायला निघाली. यांनी विचारलं, "जनरेटर कुठाय?" मग पाण्याची टाकी. मग संडासातले धरायचे दांडे खरोखर भिंतीत घट्ट बसलेत का, ते लोंबकळून बघितलं. भटारखान्यामागच्या एका व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळत होतं. ते बघून त्यांना इतका आनंद झाला की विचारू नका. पाना काढून त्यांनी तो तिथल्या तिथं आवळला. मोतीबाई मागे उभ्या राहून शांतपणे सगळं बघत होत्या.

दुपारी जेवणाची घंटा झाली. लांबलचक टेबलं, वीस-पंचवीस म्हातारीकोतारी माणसं, गप्पा चाललेल्या. ताटात वालाचं बिरडं आणि भात आला. मागून वाढपी अंबूबाई तांदळाच्या भाकऱ्यांची टोपली घेऊन आली. मोतीबाई सवयीनं उठल्या आणि टोपलीला हात घातला.

"बसा वं काकी," अंबूबाई म्हणाली. "वाडायला मी हाय ना."

आणि तिनं टोपलीतली वरची, टम्म फुगलेली भाकरी मोतीबाईंच्या ताटात टाकली. पापुद्रा फुटून वाफ बाहेर आली. मोतीबाईंनी भाकरीवर तळहात ठेवला. घास घ्यायच्या आधीच त्यांचे डोळे वाहायला लागले.

समोर बसलेल्या भिवाजींनी ते बघितलं. हिला घर आठवलं, त्यांनी ताडलं. एरवी एका भाकरीत आटपणाऱ्या मोतीबाईंनी त्या दिवशी तीन खाल्ल्या, तेही त्यांनी बघितलं. दुःखात माणसाला भान राहत नाही, असा त्याचा अर्थ लावला.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर दोघं फाटकाबाहेरच्या बाकावर रिक्षाची वाट बघत बसली. भिवाजींनी समिधाला फोन लावला.

"जागा चांगली हाय गं. पाणी हाय, जनरेटर हाय. पण तुजी आई भर पंगतीत रडली. तिला नको हाय. तू त्या मॅडमला नाय म्हनून कळव."

"मी कवा म्हनले नको?" मोतीबाई बाकावरून म्हणाल्या.

भिवाजींनी फोन कानापासून लांब केला. "अगं, रडलीस ना तू?"

"भाकर गरम व्हती."

"मंग?"

"मंग काय? सत्तेचाळीस वर्सं मीच भाजते. कुनी मला तव्यावरची वाडली नव्हती. ना सासूनं, ना तुमी." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे भिवाजींना ते जास्त लागलं. "तुमी सोमवारी काय सांगायचं ते सांगा. मी घर सोडून जाते, हितं राहायला."

घरातून निघताना बाईमाणसानं 'जाते' म्हणायचं नसतं, 'येते' म्हणायचं, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. भिवाजी लगेच बोलून गेले, "येते म्हन गं. जाते काय?"

"नाय. जातेच."

छत्तीस वर्षांत भिवाजींनी किती गळत्या आवाज ऐकून पकडल्या होत्या, आणि रोज दोन हात अंतरावर बसून जेवणाऱ्या बाईचं काही त्यांना ऐकू आलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. एवढी की समोरून रिक्षा आली तरी हात करायचं सुचलं नाही. ती निघून गेली.

फोनमधून समिधा ओरडत होती, "बाबा? आई काय म्हणाली?"

"जाते म्हनते," भिवाजी म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"थांब जरा. विचारतो." ते मोतीबाईंकडे वळले. उभ्या आयुष्यात बायकोला विचारण्याची ही पहिलीच वेळ. "मोती, मी येऊ का गं?"

मोतीबाईंनी आधी पिशवी मांडीवर नीट ठेवली. घाई त्यांना नव्हतीच.

"या," त्या म्हणाल्या. "पन पयली भाकर माज्या ताटात."

"बरं," भिवाजी म्हणाले.