वनितानं सोडलेला बॉल

त्या मोसमाबद्दल कुणी विचारलं की मी भरभरून सांगते. भिवंडीच्या पोरी देशाच्या लीगमध्ये खेळल्या, मी गोलमध्ये उभी होते — ऐकणाऱ्याला आवडतंच. पण दर वेळी सांगताना मी एक जागा गाळून पुढे जाते. नवऱ्याला सांगितलं तेव्हा गाळली. लेकीला सांगितलं तेव्हाही. आज तुमच्यासमोर गाळायची नाही असं ठरवून बसलेय — बघू, जमतं का.

आधी वनिताबद्दल सांगू द्या. मी टाळतेय असं वाटेल. थोडं टाळतेच आहे. पण ती कळल्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कळणार नाही.

ती दोन हजारनंतरची वर्षं. भिवंडीलगतच्या वडप्याला, आमच्या राहनाळला, शेतं जाऊन गोदामं उभी राहत होती. त्यातच बरकत आलेल्या एका शेठनी हौसेनं बायकांचा फुटबॉल क्लब काढला. देशभरातले मोजके क्लब एकमेकांच्या गावी जाऊन खेळणार, आणि खेळायचा आम्हाला पगार! माझ्या आईला ते शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. शिकवायला मोमीन सर — शहरात त्यांचे कापडाचे लूम होते, तरुणपणी स्वतः खेळलेले. सराव गोदामांमागच्या मोकळ्या प्लॉटवर. मध्येच ट्रक वळायला आला की आम्ही बॉल उचलून बाजूला उभ्या.

वनिता दिघाशीकडच्या एका पाड्यावरची. आश्रमशाळेत पोरांबरोबर खेळून तयार झालेली. बचावात मधोमध, थेट माझ्या पुढ्यात खेळायची. उंची बेताचीच, पण तिच्याहून हातभर उंच पोरींना तिच्यासमोर हवेतला बॉल मिळायचा नाही. कसं जमायचं तिला? मी अख्खा मोसम तिच्या मागे उभी राहून बघितलं, तरी आज सांगता येत नाही. बॉल जिथे उतरणार तिथे ती आधीच असायची, एवढंच. सरांनी तिला कॅप्टन केलं तेव्हा आम्ही काही जणींनी नाकं मुरडली — पाड्यावरची पोर आम्हाला सांगणार? हो, त्यात मीही होते. ती मात्र मैदानात जिचा दम सुटायचा तिच्या वाटचंही धावायची, आणि नंतर त्याचा उल्लेखही नाही.

बाहेरगावच्या एका सामन्यात समोरच्या पोरीचा गुडघा माझ्या गालावर बसला. डोळा मिटला, तोंड सुजलं. परतीच्या गाडीत वनितानं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं, भिवंडी येईपर्यंत. सूज उतरली. पण त्यानंतर गर्दीत पुढे झेपावायचं म्हटलं की पाय जागीच राहायचे. मी कुणाला कळू दिलं नाही. टीममधून काढलं तर? घरी एक स्थळ येऊन थांबलेलंच होतं, आणि बापूंनी, माझ्या वडिलांनी, स्पष्ट सांगितलं होतं — खेळतेस तोवर थांबू.

आता तो सामना. आमच्याच गावचा, बघायला सगळं राहनाळ लोटलेलं. बरोबरी राखली तरी आम्ही पुढच्या फेरीत जाणार होतो. शेवटी शेवटी उजवीकडून उंच बॉल आला. वनिता त्याच्या खाली उभी — तिनं तो डोक्यानं सहज बाहेर घालवला असता. मी ओरडले, "कीपर!" आमचा नियम साधा होता: कीपर ओरडली की बाकीच्यांनी बॉल सोडायचा. वनितानं मान खाली घातली आणि सोडला. आणि मी — मी दोन पावलं गेले, समोरून धावत येणारी पोर पाहिली, आणि थांबले. तिनं बॉल जाळीत ढकलला, आणि आम्ही हरलो.

इथवर भीती होती. भीतीचं काय, ती कुणालाही वाटते. मला जे सांगायचं आहे ते यानंतरचं.

कपडे बदलायला आम्हाला शाळेचा एक वर्ग दिला होता. सर आत आले. ते चिडले नव्हते, थकले होते. त्यांनी विचारलं, "वनिता, बॉल क्यूं छोडा?"

"सुनंदानं हाक दिली, म्हणून सोडला," ती म्हणाली.

सर माझ्याकडे वळले. सगळ्याच वळल्या. बाकी पोरी लांब होत्या, बाहेर आरडाओरडा होता — वनिताखेरीज कुणालाच ऐकू गेलं नव्हतं. हे मला त्या क्षणी नीट कळलं. कळलं, म्हणूनच बोलले ना?

"न्हाय सर. मी हाक न्हाय दिली."

वनितानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही — राग असता तर बरं झालं असतं. माझ्या गालाकडे बघितलं तिनं, जिथे लागलं होतं. मग सरांना म्हणाली, "मंग मलाच भास झाला असंल, सर."

तिला सगळं कळलं होतं. तरी तिनं ते अंगावर घेतलं. शेठनी सरांना तिला बाकावर बसवायला लावलं. कॅप्टन कुणाला केलं? मला. आणि मी ते घेतलं.

पुढची फेरी हुकली तरी क्रमांकासाठीचे सामने उरले होते; त्यांत वनिता बाकावर बसून सगळ्यांत मोठ्यानं ओरडून आम्हाला सांभाळत होती. शेवटच्या सामन्यात तिच्या जागी खेळणारी पोर लंगडायला लागली आणि वनिता आत आली. थोड्याच वेळात तसाच उंच बॉल आला. मी ओरडले. माझ्यावर विश्वास ठेवायचं तिला काय कारण होतं? तिनं क्षणभरही न थांबता सोडला. मी गेले, आणि पकडला. त्या मोसमात मी पाहिलेला सगळ्यांत मोठा खेळ तो होता, आणि तो माझा नव्हता.

पुढच्या वर्षी शेठची हौस संपली, क्लब मोडला. राज्याच्या टीमसाठी सरांनी कॅप्टनचं, म्हणजे माझं, नाव पाठवलं. त्यावरच मला पुढे नोकरी लागली. वनिता वडप्याला गोदामात ड्युटी करते आणि रविवारी पाड्यावरच्या मुलींना शिकवते. भेटते तेव्हा माझ्या लेकीची चौकशी करते. ती गोष्ट तिनं कधीच काढली नाही. मीही नाही.

दोन वर्षांपूर्वी मोमीन सर गेले. आम्ही सगळ्या त्यांच्या घरी जमलो. बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, वनितानं तो बॉल सोडला नसता तर आपण पुढे गेलो असतो, सरांना शेवटपर्यंत ती हळहळ होती. वनिता कसनुसं हसली, म्हणाली, "चुकलंच तेव्हा माझं." खोलीत सगळ्या होत्या. मी तिच्या शेजारी बसले होते. मी कप उचलला आणि चहा प्यायले.

तिचं काही चुकलं नव्हतं. मी हाक दिली होती.