सातव्या नंबरचे पाकीट

माझी मधली मुलगी मंदाकिनी १९५६ साली कल्याणहून ठाण्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जात होती. मानसशास्त्र शिकवणाऱ्या खांबेटे सरांनी स्मरणशक्तीच्या प्रयोगासाठी मुली मागितल्या, तेव्हा तिने आपणहून नाव दिले. वीस शब्द ऐकून लिहायचे, आपल्या नंबरच्या पाकिटातला निकाल वाचायचा, मग दुसरे वीस लिहायचे. तिच्या सात नंबरच्या पाकिटात निघाले, ‘सामान्यांपेक्षा बरीच कमी.’

नंतर सरांनी तिला समोर बसवून सांगितले की निकाल खोटा होता, तुझा कागद कोणी तपासलाच नाही. नाउमेद झाल्यावर माणसाला कितपत आठवते, एवढेच पाहायचे होते. तिने मान डोलावली आणि घरी येऊन ट्रेनिंग सोडते म्हणाली.

मी परोपरीने समजावले. तिने तांदूळ निवडता निवडता विचारले, “आई, मुलगी नको असली की पत्रिका जुळत नाही, असंच लिहून येतं ना?”

दोन स्थळांकडून तसे पत्र आले होते. खरे कारण तिचा सावळा रंग, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. तरी पत्रिकेचे कारण तिला मीच वाचून दाखवले होते.

चौथ्या दिवशी तीच म्हणाली, सोडायचे तर खरे कळल्यावर सोडीन. मी तिच्याबरोबर ठाण्याला सरांकडे गेले.

“सर, माझी समजूत घालू नका,” ती म्हणाली. “मला दाखवा.”

सरांनी कपाटातून उरलेली बंद पाकिटे काढून तिच्यापुढे ठेवली. तिने नऊ, अकरा, तेरा फोडली. तिन्हींत तेच वाक्य. अजून प्रयोगाला न आलेल्या मुलींचीही स्मरणशक्ती कमी निघाली होती. मग तिने स्वतःचा कागद तपासायला लावला. निकाल वाचण्यापूर्वी वीसपैकी पंधरा, वाचल्यावर नऊ. त्या नवाकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

“पुढच्या मुलींना नुसतं सांगू नका, सर. एक बंद पाकीट त्यांच्या हातानं फोडू द्या.”

जास्तीची पाकिटे करावी लागतील, असे सर म्हणाले. मी करते, ती म्हणाली. सर हो म्हणेपर्यंत ती खुर्चीवरून उठली नाही.

त्याच वर्षी तिसऱ्या स्थळाचा नकार आला. पत्रात पत्रिकाच होती. या वेळी मी पत्र बाजूला ठेवले आणि त्यांनी रंगामुळे नकार दिला, असे तिला सरळ सांगितले. तिने ऐकून घेतले आणि उद्याच्या पाठाचे टाचण लिहायला बसली.