एमआरआयच्या दाराशी

माझे बाबा खोटं बोलत नाहीत, अशी त्यांची अख्ख्या बुवापाड्यात ख्याती आहे. म्हणूनच उल्हासनगरच्या त्या स्कॅन सेंटरमध्ये टेक्निशियनने "काका, डोळ्यात कधी लोखंडाचा कण वगैरे गेला होता का?" असं विचारलं आणि बाबा खणखणीत आवाजात "नाही" म्हणाले, तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

आम्ही आलो होतो खांद्यासाठी. भांग पाडायलासुद्धा त्यांचा उजवा हात वर जाईना. त्यात शुगर जुनी. आमच्या अंबरनाथच्या डॉक्टरांनी हात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाले, फ्रोजन शोल्डरच वाटतोय, पण हे मध्ये बाथरूममध्ये पडलेत, तेव्हा आतला स्नायू फाटलाय का ते एमआरआयमध्ये बघू. फाटला असेल तर ऑपरेशन. तो शब्द ऐकल्यापासून बाबांना कधी एकदा मशीनमध्ये जातो आणि सुटतो, असं झालं होतं.

बाबा जन्मभर टर्नर. एमआयडीसीतल्या एका कंपनीत लेथवर उभं राहून त्यांनी आम्हाला वाढवलं. चष्मा मिळायचा, पण तो कायम कपाळावर. कणीक मळताना हाताला पीठ लागावं, तसा त्यांच्याकडे डोळ्यात लोखंडाचा कीस उडायचा. शेडमध्ये हात न थरथरणारा एखादा गडी असायचाच. तो काडीपेटीतल्या काडीला कापूस गुंडाळायचा, पापणी उलटायचा, कण टिपायचा, की माणूस पुन्हा मशीनवर. कंपनीच्या दवाखान्यात कोणी जायचं नाही. तिथे नोंद झाली की लेथवरून उतरवून पॅकिंगला टाकायचे, ओव्हरटाइम बंद. लालभडक डोळा घेऊन घरी आलेले बाबा मी कितीदा पाहिलेत! आई विचारायची, काय झालं? हे म्हणायचे, काही नाही.

"बाबा, नाही काय म्हणताय?" मी म्हटलं. "अहो, लेथवर होते हे. कितीदा गेलंय यांच्या डोळ्यात."

"गप गो बाय," बाबा म्हणाले. "गेलं ते तिथल्या तिथे काढलं. त्यात सांगायचं काय?"

टेक्निशियनचा चेहरा उतरला. "मॅडम, एखादा कण आत राहिला असेल ना, तर मशीनचं चुंबक खेचणार त्याला. डोळा जाऊ शकतो. पहिला डोळ्यांचा एक्स-रे करावा लागेल."

"कशाला एक्स-रे? मला लख्ख दिसतंय. उगाच नंबर जाईल माझा." आणि तिथला निळा गाऊन घातलेले बाबा अनवाणी तडक एमआरआयच्या जाड दाराकडे निघाले. टेक्निशियन "काका, काका" करत मागे धावला. मशीन बंद दिसलं तरी चुंबक चालूच असतं, असं तो ओरडून सांगत होता. मी त्याच्याही आधी पोचले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

"सरक."

"नाही सरकणार."

"चार लोकांत बापाला खोटं पाडतेस?"

"पाडते! आंधळा बाप सांभाळण्यापेक्षा रागावलेला परवडला मला."

"बेटी सही बोल रही है, दादा," बाकावरची एक सिंधी बाई म्हणाली. बाबांनी तिच्याकडेही डोळे वटारून पाहिलं. पण वळले एकदाचे.

एक्स-रे झाला. रिपोर्ट येईपर्यंत बाबा माझ्याकडे पाठ करून बसले. काही निघालं नाही तर हे मला जन्मभर ऐकवणार, याची धास्ती होती. आणि निघालं तर? देवा, मला खोटं पाड, असं मी मनात म्हणत होते.

मग आतल्या डॉक्टरबाईंनी बोलावलं. स्क्रीनवर डाव्या डोळ्यात एक पांढरा ठिपका होता, मोहरीहूनही बारीक.

"एमआरआय आता विसरा," त्या म्हणाल्या. "डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आधी. हा कधी गेला होता, काका?"

बाबा स्क्रीनजवळ गेले.

"कुठला असेल, मॅडम?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. "कितीतरी गेले."

एमआरआयऐवजी खांद्याची सोनोग्राफी बाईंनी तिथेच करून दिली. स्नायू शाबूत होता. आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून त्यांनी सांगितलं की फ्रोजन शोल्डरच आहे, व्यायाम आणि शेक चालू ठेवा, शुगर सांभाळा, ऑपरेशनची गरज नाही. मला हायसं वाटलं. बाबांचं मात्र लक्षच नव्हतं.

कपडे बदलायच्या खोलीत मी त्यांना शर्ट चढवत होते. शेवटचं बटण लावलं, तर ते जागचे हलेनात. त्यांनी डाव्या हाताने उजवा डोळा झाकला आणि उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहू लागले.

"दिसतेस गो," ते म्हणाले. "अजून दिसतेस."

"मग बघा नीट," मी खेकसले, आणि मला रडू फुटलं.